बाईंच्या बिंदूवर बारा मजले

"कुठलाही रस्ता शेवटी एका बिंदूत नाहीसा होतो," कर्वेनगरच्या बसस्टॉपवर रांगेत माझ्यापुढच्या वयस्कर बाई म्हणाल्या. "पीएमटी मात्र कुठं नाहीशी होते, कळत नाही."

त्यांच्यापुढचा तरुण गर्रकन वळला.

"चित्रकलेच्या बाई ना? मी ज्ञानदेव. चौथी ब."

"रस्ता शेवटपर्यंत सारखाच रुंद काढणारा?"

"तुम्ही म्हणालात, लांबचा निमुळता काढ. मी म्हटलं, मी रोज तिकडूनच चालत येतो, तिकडंही एवढाच आहे."

"आणि मी शून्य दिलं."

"दहापैकी दोन."

"दोन कशाचे?"

"झाडाचे."

"हल्ली काय करतोस?"

"हिंजवडीत कंप्युटरवर असतो. वारज्याकडे बोट करून तुम्ही बिंदू दाखवायचात ना? तिथं बारा मजली इमारत झालीय. सातव्यावर मी राहतो."

"म्हणजे माझा बिंदूही बिल्डरनं घेतला! ते मार्क मला फार टोचले रे. पोरगं डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होतं."

"बाई, गॅलरीतून आपली शाळा दिसते. नखाएवढी. तुमचंच बरोबर होतं."

बाईंनी डोळे बारीक करून रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं.

"बरं, ती येतेय ती बस कुठली, वाच बघू. मला लांबचं आता दिसतच नाही."