उजवी कळी कोणी धरली?

आम्ही गुरव. संगमेश्वरापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव, आणि गावच्या केदारलिंगाची पूजा पिढ्यानपिढ्या आमच्या घराकडे. पोराने नुसती घंटा वाजवू नये असं वडिलांना वाटे, म्हणून लहानपणी त्यांनी मला पाठशाळेत शास्त्रीबुवांपाशी ठेवलं; तिथे रुद्र शिकलो, देवः देवौ देवाः घोकलं, आणि परत येऊन वडिलांच्या जागी उभा राहिलो. तेव्हापासून लोकांची गाऱ्हाणी देवाच्या कानावर घालणं हेच माझं काम. मी मोठ्याने म्हणायचं, बा देवा केदारलिंगा, ह्या तुझ्या लेकराच्या घरात असं असं झालंय, तू वाट दाखव, आणि जमलेल्यांनी म्हणायचं, होय महाराजा. त्या होय महाराजाशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. एकट्याचं गाऱ्हाणं ही गोष्टच आमच्यात नाही.

आणि कौल. दोन मिटल्या कळ्या तीर्थात भिजवून देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला लावायच्या, प्रश्न घालायचा आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्नं, विहिरी, हरवलेली जनावरं, काय काय विचारलंय लोकांनी! आणि देवाने, काय सांगू तुम्हाला, उत्तर दिलंय हो. खालच्या वाडीतल्या सखारामाची म्हैस रानात हरवली होती, उजवा कौल पडला आणि त्याच संध्याकाळी ती आपल्या पायांनी गोठ्यात येऊन उभी राहिली.

आमचा विनू मात्र आला नाही.

विनू आमचा एकुलता. मुंबईला गावकीच्या खोलीत राहायचा, गोदामात कामाला होता. शिमग्याला गावी जातो म्हणून सांगून, पिशवी घेऊन तो खोलीतून निघाला, ते खोलीतल्या पोरांनी पाहिलं. इकडे पालखी घरोघर फिरून पुन्हा देवळात बसली तरी विनू नाही. फोन बंद. भांडण नाही, रुसवा नाही, काही नाही. चौकीवर खबर दिली, नातलगांकडे पाहिलं, इस्पितळं पाहिली. आता त्याला चौथा शिमगा उलटला. मी रोज अभिषेक करतो, रुद्र म्हणतो, आणि शेवटी तेच मागतो, तेच मागतो. विनूची आई उंबऱ्याशी बसून ऐकायची. एक दिवस म्हणाली, अहो, तुमच्या देवाला लोकांच्या म्हशी सापडतात, माझा पोरगा तेवढा सापडत नाय? मी म्हटलं, त्याची वेळ यायची असेल. ती म्हणाली, मग म्हशींची वेळ बरी लवकर येते.

आपल्या घरचा कौल आपण लावायचा नाही अशी रीत आहे, कारण आस लागलेल्या माणसाचा हात शुद्ध राहत नाही. म्हणून ह्या वैशाखात माझ्या धाकट्या चुलतभावाला, बाळाला, बसवलं. विनू हयात असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे, असं त्याने गाऱ्हाणं घातलं. मी आणि ही समोर बसलो. एरवी घटकाभरात निकाल लागतो. त्या दिवशी सकाळ गेली, दुपार गेली, कळ्या सुकल्या, पण पडेनात. दिवेलागणीला बाळा म्हणाला, दादा, आज देव बोलत नाय, उठा. उठलो. घराच्या वाटेवर मला वाटलं, ह्याहून नकार परवडला असता. नकाराला निदान सूतक तरी असतं.

दुसऱ्या दिवशी देवाला स्नान घालताना पाण्याच्या पहिल्या धारेबरोबर उजवी कळी खाली आली. डावी काही केल्या सुटेना. नखाने ओढली, बोटं चिकट झाली, नाकाशी नेली. फणसाचा चीक! खोबरेल लावून ती कळी सोडवली आणि तसाच ओल्या पंच्याने बाळाच्या अंगणात गेलो. तो फणसच फोडत बसला होता, कोपरापर्यंत तेल लावून. मला पाहताच विळा खाली ठेवला. म्हणाला, दादा, मारायचं तर मारा. वहिनीसमोर डावी पडली असती तर? माझ्या हातून ते व्हायला नको होतं. पण उजवीला नुसतं तीर्थ होतं, देवाशप्पथ. ती पडली असती तर मी देवळात नाचलो असतो.

रागावू कोणावर? आस लागलेला माणूस मी एकटाच, असं धरून चाललो होतो. त्याला घेऊन घरी आलो, हिला सगळं सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. सूप हातात तसंच धरून म्हणाली, भावजी, डावी तुमी धरलीत. मग उजवी कोणी धरली?

बाळा म्हणाला, वहिनी, पुन्हा लावतो, स्वच्छ, नुसत्या पाण्याने. ती म्हणाली, नको. ज्याने दिवसभर धरली त्याला काही कारण असेल. हे ती श्रद्धेने म्हणाली की भयाने, मला अजून उमगलेलं नाही. मीही आग्रह धरला नाही, तो कशाने, ते देव जाणे.

शास्त्रीबुवा सांगायचे, विभक्तींना वाक्यात काही ना काही काम असतं, संबोधनाला ते नसतं. ती नुसती हाक. वाक्य अपुरं राहिलं तरी हाक पुरी असते. तेव्हा मी हे नुसतं पाठ केलं होतं. आता कौल मागत नाही, उत्तर मागत नाही. बा देवा केदारलिंगा, म्हणतो, विनू जिथे असेल तिथे तुझ्याच पदरी आहे. म्हणतो खरा, पण काही दिवस पुढचं म्हणवत नाही. त्या दिवशी नुसतं बा देवा म्हणून थांबतो.

ही येते, उंबऱ्याशी बसते, इतरांच्या गाऱ्हाण्याला होय महाराजा म्हणते. विनूच्या गाऱ्हाण्याला तिचा आवाज फुटत नाही. मग देवळात दुसरं कोणी नसलं की ते तसंच अर्धं राहतं.

माध्यान्हीची पूजा व्हायची आहे. बाळा आज वाडीत गेलाय. तुम्ही आलाच आहात तर पाय धुऊन आत या. देवावर तुमचा विश्वास किती, ते मी विचारत नाही. हाक मी मारीन, तुम्ही तेवढं होय महाराजा म्हणा. मात्र मोठ्याने म्हणा, बाबा. ती उंबऱ्याशी बसली आहे, तिला ऐकू जाऊ दे.