अण्णांच्या चपलेची चाकं

आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या तेराव्याला चपला काढताना दादा माझ्याकडे बघून हसला. का, ते सांगतो.

तेलगावात केबल आली त्या वर्षी मामांनी पुण्याहून रिमोटची गाडी आणली. ती ढेकळांत अडायची, म्हणून आम्ही अण्णांची एक नवी स्लिपर कापून मोठी चाकं केली. दोनच निघाली, ती मागं बसवली. गाडी ढेकळं चढली, पण वळताना दरवेळी उलटू लागली.

तेवढ्यात अण्णा एकाच पायात चप्पल घालून आले. आम्ही मार खायला उभे राहिलो. त्यांनी गाडी उचलून निरखली.

"मागून उंच, म्होरं बुटकी. उलटंलच की."

मग पायातली चप्पल काढून दादापुढं टाकली.

"ही बी कापा. एकलीचं मी काय करू?"