चिकट्याचं लाकूड

...नाही, तुम्हीच सांगा, तीस वर्षं ज्या माणसानं लाकडाला पॉलिश मारलं, कपाटं अशी चकचकीत केली की गिऱ्हाईक दारात बघूनच भांग पाडून घ्यायचं, त्या माणसाला हा काल मिसरूड फुटलेला माशांचा दुकानदार शिकवणार, लाकूड म्हणजे काय ते? ब्लडप्रेशरचं सांगा, गुडघ्यांचं सांगा, मुकाट ऐकतो. पण लाकडाचं मला सांगू नका!

आता तुम्ही म्हणाल, काका, तुम्ही माशांच्या दुकानात कशाला कडमडलात? तर आमची लेक! ती गेली दीड महिन्याच्या ट्रेनिंगला आणि तिची काचेची टाकी ठेवून गेली आमच्या उशाशी. टाकीत मासा एकच. काळपट, थोराड तोंडाचा, दिवसभर काचेला चिकटलेला, म्हणून नाव चिकट्या. दारात बॅग, डोळ्यांत पाणी, म्हणते, “बाबा, मी येईपर्यंत याला जगवा हं. तुमच्यावर सोडून चाललेय.” आईवर नाही, माझ्यावर! छाती अशी फुगली म्हणून सांगू... आणि चौथ्या दिवशी चिकट्यानं खाणं सोडलं. पोट खपाटीला, काचेवरची पकड सुटायला लागली. लेक फोनवर विचारते, “चिकट्या कसा आहे?” मी म्हणतो, “मजेत!” आणि इकडे मला घास उतरत नाही हो.

दुकानदार नाकात बोलतो. “काका, या जातीला लाकूड खरवडायला लागतं, नाहीतर पोट चालत नाही. हे न्या, तयार आहे.” तयार लाकूड! आणि मला! म्हटलं, मी आणीन माझं. तर म्हणतो, “मग चिकाचं नको, ओलं नको. साल काढा, उकळा, भिजत घाला, रोज पाणी बदला, आपणहून बुडेपर्यंत.” अरे, लाकूड कधी आपणहून बुडतं का? लाकडाचं मला सांगू नका!

बुडत नाही हो! आमच्या वर्कशॉपच्या मागे पडलेल्या झाडाचं मूळ आणलं, नख मारून बघितलं, खणखणीत वाळलेलं. साल तासली, तारेच्या ब्रशनं घासलं, आणि हिच्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात चढवलं. निम्मं आत, निम्मं बाहेर. एक टोक शिजलं की उलटं करायचं, दुसरं शिजवायचं. पाणी झालं चहासारखं! शेजारीण दारातून डोकावली, “आज पाहुणे का?” ही म्हणाली, “नाही, यांनी लाकूड शिजायला टाकलंय.” ती बाई पुढचे चार दिवस आमच्याकडे फिरकली नाही.

मग भिजवणं. अंघोळीची बादली गेली. रोज पाणी बदला, रोज परत चहा! वर पाटा ठेवला, तर लाकूड पाट्याखालून सटकून वर! रोज सकाळी मी बादलीपाशी उकिडवा, आणि मागून ही, “त्या ओंडक्यापुढे बसता तेवढं गॅलरीतल्या त्या पिंपापुढे बसा. नळ ठिबकतोय, दहा वर्षं पिंप एका ठोकळ्यावर उभं आहे.” म्हटलं, उद्या बघतो. चिकट्या काकडीच्या चकत्या चघळत कसाबसा दिवस काढतोय आणि हिला पिंपाचं पडलंय!

चार आठवडे! आणि एका सकाळी पाणी स्वच्छ, लाकूड तळाला! मी ओरडलो, बुडालं! शेजारच्या घरातून दोन माणसं धावत आली.

आता ते टाकीत टाकायचं की नाही? सरळ टाकायचं की नाही? पण तुम्हाला सांगतो, जित्याची खोड! म्हटलं, लेक रविवारी येणार, तिच्यापुढे असं बोडकं लाकूड ठेवू? मी? दोन दिवस वाळवलं. पॉलिशपेपर मारला. मग हात आपोआप पॉलिशच्या डब्याकडे गेला... एक हात, दोन हात, तीन हात! आरसा हो, आरसा! मिरवत नेलं दुकानदाराकडे. त्यानं उलटंपालटं केलं, वास घेतला. म्हणाला, “सुंदर. आता मासा याच्यावर वाळत घालणार का? विष आहे हे, काका.”

शनिवार संध्याकाळ. उद्या लेक. मी टाकीपुढे डोकं धरून बसलेलो. खरं सांगतो, रडू आलं.

ही उठली. गॅलरीत गेली, पिण्याच्या पाण्याचं ते पिंप भिंतीला टेकवलं आणि खालचा ठोकळा ओढला. दहा वर्षं थेंबाथेंबानं भिजलेला, टणक, दगडासारखा जड. घासला, दोन उकळ्या दिल्या, पाणी जसंच्या तसं! थंड केला, सोडला टाकीत. डुबुक! सरळ तळाला. आणि चिकट्या? दहाव्या मिनिटाला त्याला बिलगून करकर खरवडतोय! महिन्याभरात एवढा हलला नव्हता मेला.

लेक आली, टाकीला नाक लावलं. “बाबा! कसलं भारी तयार केलंत लाकूड!” मी हिच्याकडे बघितलं. ही छताकडे बघत होती. म्हटलं, “वेळ लागतो गं अशा कामाला.”

तेवढ्यात गॅलरीतून धडाम! पिंप कलंडलं, पाणी पार बैठकीत. ही शांतपणे उठली, माझं ते आरशासारखं लाकूड उचललं आणि घातलं पिंपाखाली. मी म्हटलं, अगं, तीन हात मारलेत त्याला! तर म्हणते कशी,

“राहू दे तिथंच दहा वर्षं. तुम्ही फक्त नळ दुरुस्त करू नका. ते तुम्हाला जमतं.”