तेवीस दिवसांत मोडलेली काठी

जबाब
दिनांक : ३१ मे २०२४. वेळ : दुपारी ४.३५. ठिकाण : पोलीस ठाणे, अमरावती.

नाव : भगवंत पुंजाजी मेहसरे. वय : ७४ वर्षे. धंदा : सेवानिवृत्त शिक्षक, विषय मराठी, शिवाय तीस वर्षे शाळेच्या हॉकी संघाची जबाबदारी. राहणार : जुने शहर, अकोला. मोबाइल : स्वतःचा नाही, मुलगा शेखर याचा नंबर दिला आहे.

मी वरील इसम आज ठाण्यात स्वतः हजर आहे. क्रीडा साहित्याचे दुकानदार विपुल गुल्हाने यांनी माझ्याविरुद्ध दिलेल्या तक्रारीबाबत महिला हवालदार दीपमाला इंगळे यांनी विचारल्यावरून माझ्या शब्दांत सांगतो की,

मी वरील पत्त्यावर मुलगा शेखर, सून व नात करिश्मा, वय १७, यांच्यासह राहतो. शेखरचा फुलांचा व्यवसाय आहे. करिश्मा हॉकी खेळते, आघाडीला. उद्या सकाळी सात वाजता अमरावती येथे विभागीय संघाची निवड चाचणी आहे. तिच्या वयोगटातली ही शेवटची संधी आहे, पुढच्या वर्षी ती या गटात बसणार नाही. हे सर्वांत आधी लिहून घ्यावे अशी मी विनंती केली, कारण पुढचे सगळे त्यापायी झाले आहे.

दिनांक २८ एप्रिल रोजी शेखरने विपुल यांच्या दुकानातून करिश्माला कार्बनची हॉकी घेऊन दिली. सगळे तिला स्टिक म्हणतात, मी काठी म्हणतो. मॉडेलचे नाव तुफान-५. हमी सहा महिन्यांची, पावती जोडली आहे. काठी हलकी होती. घरी आणली त्या संध्याकाळी मी हातात घेतली तेव्हा मला ती काठीसारखी वाटली नाही. दुसऱ्या दिवशी मैदानावर फटका पाहिला आणि माझे मत बदलले. करिश्मा वर्तुळाच्या कडेवरून मारायची आणि आवाज माझ्यापर्यंत येईतो चेंडू जाळीत असायचा. नव्या मालाला मी सरसकट नावे ठेवत नाही, हे नमूद व्हावे.

माझी स्वतःची काठी १९७२ सालची, तुतीच्या लाकडाची आहे. हल्ली गुडघ्यामुळे मी ती टेकायला बरोबर ठेवतो. ती अजून तडकलेली नाही. याचे कारण असे की, आमच्या शाळेत दर रविवारी सरावानंतर सगळा संघ व्हरांड्यात बसून काठ्यांना जवसाचे तेल लावत असे. मी मुलांकडून आठवीच्या पुस्तकातली कविता म्हणून घेत असे. एक कविता संपेपर्यंत तेलाचा एक हात, दुसरी संपेपर्यंत दुसरा. तीन कविता झाल्या की काठी उन्हात. त्यामुळे मुलांच्या कविता पाठ राहिल्या आणि काठ्याही टिकल्या. मधल्या आळीचा एक मुलगा यमक आले की तेलाची चिंधी उलटी करायचा. इथे हवालदार मॅडम म्हणाल्या, "सर, मुद्द्यावर या ना." म्हणून पुढचे सांगत नाही.

दिनांक २१ मे रोजी सायंकाळी ६.१० वाजता अकोला येथे सराव चालू असताना करिश्माने फटका मारला. काठी मुठीखाली वीतभर अंतरावर तुटली आणि खालचा तुकडा चेंडूच्या पुढे गेला. कोणाला लागले नाही. मी कुंपणाशी उभा होतो. काठीचे वय त्या दिवशी तेवीस दिवस होते.

प्रशिक्षक गौरांग सर यांनी तुकडा उचलून पाहिला. ते सर्वांसमोर म्हणाले, "करिश्मा, नवी स्टिक अशी आपोआप मोडत नसते. मारताना तुझी स्टिक जमिनीवर आपटते. ही सवय जाईपर्यंत फटका बंद, फक्त ढकलायचं." करिश्मा म्हणाली, "हो सर." दुसऱ्या दिवशी सरांनी चाचणीच्या यादीत तिचे नाव आघाडीतून काढून राखीवमध्ये टाकले. राखीव मुलींना चाचणीत उतरायला मिळेलच असे नसते. यादी उद्या सकाळी साडेसहापर्यंत बदलता येते, असे मी सरांना फोन करून विचारून घेतले आहे.

सध्या करिश्मा तिची मैत्रीण चारुता हिची काठी वापरते. ती तिच्या मापापेक्षा एक इंच लांब आहे. माझी काठी तिने एक दिवस वापरून पाहिली. त्या काठीने उलटा फटका बसत नाही. हे मी मान्य करतो.

दिनांक २३ मे रोजी मी एस.टी.ने अमरावतीला येऊन मोडलेली काठी विपुल यांना दाखवली. ते म्हणाले, "काकाजी, टेन्शन नका घेऊ, बदलून भेटंल. कंपनीले फोटो पाठवतो." दिनांक २७ मे रोजी पुन्हा आलो. ते म्हणाले, "कंपनी म्हणते तेच मॉडेल असंल तर बदलून देऊ. पण तुफान-५ तर बंद झालं."

मी म्हणालो, "महिन्यापूर्वी तुम्ही ते नवे म्हणून विकले."

"तवा नवंच होतं न जी. आता तुफान-५ एक्स आलं. एक आलं का एक बंद होते."

मी दोन्हींत फरक काय ते विचारले. ते म्हणाले की रंग बदलला आणि वाक अर्धे बोट खाली आला. मी म्हणालो, मग तेच द्या. ते म्हणाले की ते दुसरे मॉडेल झाले, ते हमीत बसत नाही. मी त्यांना सांगितले की आठवीचे एकच पुस्तक मी अकरा वर्षे शिकवले आणि कोणाची तक्रार आली नाही. यावर ते म्हणाले, "पुस्तकाले गिऱ्हाईक कोण आहे काकाजी?" मी परत गेलो. जाताना बस मूर्तिजापूरला पाऊण तास उभी होती.

आज सकाळी करिश्मा व मी मिळून आलो. आज रात्रीचा मुक्काम व्याह्यांकडे ठरला होता, तिथून उद्या थेट मैदानावर जायचे होते. दुपारी साडेबाराच्या सुमारास आम्ही दुकानात गेलो. मी विपुल यांना म्हणालो की बदलून देऊ नका, काठीत दोष होता एवढे कागदावर लिहून द्या, मला ते तिच्या सरांना दाखवायचे आहे. विपुल यांनी तुकडा हातात घेतला, वास घेतला आणि विचारले, "काकाजी, याले जवसाचं तेल लावलं काय?"

मी होय म्हणालो. मी खोटे बोलत नाही.

"मंग झालं. तुमची हमी गेली." असे म्हणून त्यांनी हमीच्या अर्जावर 'तेलामुळे खराब' असे लिहून अर्ज माझ्या हातात दिला. तेलाने काठी मोडते हे कुठे लिहिले आहे, असे मी विचारले. ते म्हणाले, "लिहाले कायले लागते? हे काय तुमच्या जमान्याचं लाकूड होय? तुमच्या त्या दांड्याले पाजा तेल. पण त्यानं आता चेंडू सरकते तरी काय?" दुकानात एक गिऱ्हाईक होते, ते हसले. करिश्मा दारात उभी होती. ती म्हणाली, "आबाजी, चला."

मी टोपलीतून एक चेंडू घेतला. फरशीवर ठेवला. डावा पाय पुढे घेतला व माझ्या काठीने मारला. समोर साधारण दहा फुटांवर काचेचे कपाट होते, त्यात दिवे लावून तुफान-५ एक्स उभी केली होती. काच फुटली. आतली काठी खाली पडली, तिला काही झाले नाही. माझ्या काठीलाही काही झाले नाही. वेळ दुपारी १.१० ची. करिश्माने चेंडू उचलून टोपलीत परत ठेवला आणि काचा पायात येऊ नयेत म्हणून मला हाताला धरून बाहेर आणले. विपुल यांनी पोलिसांना फोन केला. मी पायरीवर बसून राहिलो, पळून गेलो नाही.

मॅडमनी विचारले, "सर, चेंडू चुकून तिकडे गेला असं लिहू काय?" यावर सांगतो की चुकून गेला नाही. मी नेम धरला होता. कपाटाची काच मी बसवून देईन, तसे विपुल यांना मॅडमसमोर सांगितले आहे. माझी काठी जप्त केली आहे, त्याला हरकत नाही. कागदावर 'लाकडी दांडा' असे लिहिले होते ते बदलून 'हॉकीची जुनी काठी, सुस्थितीत' असे करावे, ही विनंती मॅडमनी मान्य केली.

आणखी काही सांगायचे आहे काय असे विचारल्यावरून सांगतो की,

काठीच्या खोक्यात एक माहितीपत्रक होते. बारीक इंग्रजी अक्षरांत होते. काठीला माहितीपत्रक लागते हे मला पटले नव्हते, म्हणून मी ते घरी उघडलेच नाही, पावतीसोबत पिशवीत राहिले होते. आज दोन ते चार या वेळेत मी ठाण्याच्या बाकावर बसून ते भिंगाने दोनदा वाचले. त्यात तेलाबद्दल एक अक्षर नाही. मॅडमनीही वाचले. त्या म्हणाल्या, "सर, मंग तर तुमची बाजू पक्की झाली. त्याले असं लिहिता येत नाही."

मी त्यांना त्यातलीच एक ओळ दाखवली. काठी कडक उन्हात, बंद गाडीत किंवा तापलेल्या पत्र्यावर ठेवू नये, पन्नास अंशांवर ती आतून कमजोर होते, असे त्या ओळीत आहे.

मॅडम म्हणाल्या, "तुमी उन्हात ठेवली होती काय?" मी होय म्हणालो. त्या म्हणाल्या, "सर, दुकानदारानं तुमाले उन्हाचं विचारलंच नाही. लिहिलंच पाहिजे असं काही नाही." मला कोणी विचारले नाही, हे खरे आहे. तरीही लिहावे.

दिनांक ५, १२ व १९ मे या तिन्ही रविवारी मी करिश्माच्या काठीला जवसाचे तेल लावले आणि सकाळी अकरा ते दुपारी चार अशी घराच्या टिनाच्या छपरावर उन्हात ठेवली. त्या आठवड्यांत अकोल्यात ऊन किती होते ते सर्वांना माहीत आहे. पहिल्या दोन रविवारी काठी उचलताना हात भाजू नये म्हणून मला धोतराचा सोगा धरावा लागला. पहिल्या रविवारी करिश्मा म्हणाली होती, "आबाजी, याले ऊन नसते दाखवत." मी तिला म्हणालो होतो, "तू मले शिकवू नको." तेल लावताना मी कविताही म्हटल्या.

काठी मोडली त्या संध्याकाळी मैदानावर करिश्माने उन्हाचा विषय काढला नाही. सर बोलले तेव्हाही नाही. घरी आल्यावरही नाही. मीही काढला नाही. माहितीपत्रक आज वाचले असले तरी शंका मला त्या संध्याकाळपासूनच होती. दहा दिवस मी ती शंका दुकानदारावर घातली. तीन वेळा अमरावतीला आलो, पण एकदाही करिश्माच्या सरांकडे गेलो नाही. ते अकोल्यात आमच्या घरापासून दहा मिनिटांवर राहतात.

विपुल यांनी वरवर पाहून कारण लिहिले, मालाची चौकशी केली नाही आणि विकलेले मॉडेल महिन्यात नाहीसे झाले, याबद्दल माझी तक्रार कायम आहे. परंतु करिश्माच्या फटक्यात खोट आहे हे खरे नाही. तिची काठी जमिनीवर आपटत नाही. मी तीस वर्षे मुलांचे हात पाहिले आहेत आणि हे मी २१ तारखेलाच सांगू शकत होतो.

या जबाबाची एक नक्कल मला आजच मिळावी. गौरांग सर मुलींना घेऊन सायंकाळी सातला अमरावतीत पोहोचत आहेत. नक्कल मी स्वतः त्यांच्या हातात देणार आहे. तसेच हा जबाब मला वाचून दाखवताना बाहेर बाकावर बसलेली माझी नात करिश्मा हिला आत बोलवावे आणि तिच्यासमोर मोठ्याने वाचावा, अशी माझी विनंती आहे.

दुरुस्ती : वरील जबाब सायंकाळी ५.५० वाजता वाचून दाखवला असता करिश्मा शेखर मेहसरे हिने एका ठिकाणी थांबवून सांगितले की, "मॅडम, तीन नाही, दोनच रविवार." तिला विचारले असता ती म्हणाली की १९ मे रोजी मी जेवून झोपल्यावर तिने काठी टिनावरून उतरवून आत पंख्याखाली ठेवली आणि चारच्या आधी परत वर नेऊन ठेवली. मला हे ठाऊक नव्हते. त्या दिवशी काठी हाताला सोसण्याइतकी होती, वारा असेल असे मी समजलो होतो. मी तिला म्हणालो, "मले तवाच काहून नाही सांगितलं?" ती म्हणाली, "सांगितलं होतं न पयल्या रविवारी. तुमी ऐकलं काय?"

तीन रविवार खोडून दोन रविवार करावे काय, असे मॅडमनी मला विचारले. करावे. तिची तारीख बरोबर आहे.

या दुरुस्तीसह जबाब मला मराठीत वाचून दाखवला व तो मी सांगितला तसाच उतरला आहे. खोडलेल्या जागी समासात माझी सही आहे आणि माझ्या सांगण्यावरून तिच्या शेजारी माझ्या नातीची सही आहे.

भगवंत पुंजाजी मेहसरे
समक्ष : दीपमाला इंगळे, महिला पोलीस हवालदार
नक्कल मिळाली, वेळ सायंकाळी ६.२०