हिरड्या वाळायच्या आत

...नाही, पण मी म्हणतो, तारीख ठरवताना निदान माणसाचे दात विचारात घ्यायला नकोत? सगळ्यांचे नका घेऊ, चाळीस कोटींची तोंडं कोण बघत बसणार... पण ज्याला भाषण करायचंय त्याचे तरी? आता तुम्ही म्हणाल, मास्तर, देशाचं स्वातंत्र्य कुठं आणि तुमचे दात कुठं! सांगतो. तुम्हीच निवाडा करा, कारण मला खरंच कळत नाही... लोकांचं चुकलं, की माझंच चुकलं?

हे बघा, मी संस्कृतचा एम.ए. पोरांना व्याकरण शिकवण्यात जन्म गेला, म्हातारपणी कोरेगावला येऊन राहिलो. यंदा चैत्रात एक दाढ ठणकायला लागली. एकच हो! वरची, डावीकडची. आमची ही म्हणाली, "लवंगेचं तेल लावा आणि गप पडा." पण मी शिकलेला ना! बसलो रेल्वेत, मिरजेला गाडी बदलली, सांगलीला उतरलो आणि थेट दातांचे डॉक्टर मानसिंग यांच्या दारात. हे मानसिंग लढाईत पलटणीबरोबर होते, कॅप्टन! शिपायांचे दात उपटून उपटून हात बसलेला, आणि बोलणंही तसलंच. मी खुर्चीत टेकतोय तोच, "ओपन! वाइड! हिलना मत!" शेजारच्या खुर्चीत एक शाळकरी मुलगी होती, पुढचे दात वाकडेतिकडे, तिला तार बसवत होते. तिच्या आईला म्हणाले, "काळजी नको बाई, सगळे एका रांगेत फॉल-इन करतो!" मग माझ्या तोंडात आरसा घातला आणि म्हणाले, "पायोरिया! वरची सगळी पलटण खराब. डिसमिस!"

सगळी? अहो, मी आलो होतो एका दाढेसाठी! नाही म्हणायला गेलो... तर 'नाही' म्हणायला 'न' लागतो, 'न' म्हणायला जीभ दातांना टेकावी लागते, आणि मधे कॅप्टनसाहेबांचा चिमटा! झालं. त्या मुलीचे फॉल-इन, माझे डिसमिस.

"हिरड्या वाळल्या की माप घेऊ," डॉक्टर म्हणाले. "दिवाळीला कवळी. घाई काय आहे?"

खरंच, घाई काय होती? विलायतेच्या सरकारनं सांगितलं होतं, पुढच्या जूनपर्यंत जातो. म्हणजे दिवाळीला दात, जूनला स्वातंत्र्य, मधे उच्चारांचा सराव. मी निवांत! आणि यंदाच्या जूनमध्ये रेडिओवर काय? पुढचा जून नाही, येत्या पंधरा ऑगस्टला! गाव नाचतंय आणि मी हिरड्या चाचपतोय! माझ्या हिरड्या वाळायच्या आत स्वातंत्र्य!

लगेच हंबीरराव दारात. उसाचे मोठे बागायतदार, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंग भोगून आलेला माणूस. "मास्तर, झेंड्याखाली तुमीच बोलायचं. तुमच्यावानी शिकल्यालं गावात दुसरं कोन हाय?" मी तोंड उघडून दाखवलं. "आवं, भाषान त्वांडानं करायचं, दातानं व्हय?"

आता यांना कसं सांगू? त, थ, द, ध, न, ल, स... हे दंत्य वर्ण, दातांचे! आणि शब्द कोणता? स्वातंत्र्य! आधी 'स', मग 'त', अनुस्वाराचा 'न', पुन्हा 'त', आणि 'व'लासुद्धा निम्मा दात लागतो! बिनदाताच्या माणसानं धरावं असं त्या शब्दात काही ठेवलेलंच नाही! तरी हंबीररावांसमोर एकदा म्हणून बघितलं. काय निघालं? "फ्वापंप्र्य!"

हंबीररावांनी कान पुढं केला. "कसला पंप म्हनला?"

तेव्हाच नकार द्यायला हवा होता. पण मनात आलं, हा माणूस तुरुंगात असताना मी काय करत होतो? समास सोडवत होतो. या स्वातंत्र्यासाठी मला करता येण्यासारखं एवढंच उरलं होतं, तो शब्द नीट उच्चारणं. एक शब्द हो! तेवढाही जमू नये?

पुन्हा सांगली गाठली. हातवारे करून सांगितलं, कवळी आत्ता पाहिजे. कॅप्टनसाहेब म्हणाले, "सूज उतरल्याशिवाय माप नाही. ऑर्डर इज ऑर्डर!" तिकडे पेपरात रोज वाद, संस्थानं सामील होणार की नाही, आणि इकडे माझे दात सांगली संस्थानात, माझं तोंड इंग्रजांच्या मुलखात, आणि आमच्या सामीलनाम्यावर कुणी सही करेना!

मग म्हटलं, शब्द बदलू. मुक्ती? 'त' आला. आझादी? 'द' आला. स्वराज्य? सुरुवातीलाच 'स'! ही म्हणाली, "मोकळीक म्हणा." मोकळीक येत होतं बरं का, पण देशाला मोकळीक म्हणजे काय शाळा सुटली? शेवटी एक शब्द सापडला, स्वच्छ, खणखणीत... फ्रीडम! इंग्रजांना घालवल्याचा आनंद इंग्रजांच्याच शब्दात सांगू?

त्यातच मेंढरं घेऊन परत आपल्या दुष्काळी माण तालुक्याकडे निघालेला कोंडीबा धनगर ओट्यावर टेकला. दरवर्षी टेकतो. माझं तोंड बघून म्हणाला, "वरचं दात मेंढराला बी नसत्यात. काय अडतंय त्याचं?" ही आतून म्हणाली, "मेंढरू भाषण करतं होय रे?" "न्हाई वैनी, पर ब्यां तर करतंय!" आणि तुम्हाला सांगतो, मी विचारात पडलो. 'ब' हा ओष्ठ्य वर्ण, नुसत्या ओठांचा! वरचे दात नाहीत म्हणून मेंढरानं बरोबर 'ब' धरला. मेंढराला जे समजलं ते मला समजू नये... की माझंच चुकत होतं?

उजाडला पंधरा ऑगस्ट. शाळेचं पटांगण भरलेलं, पुढं पोरं ओळीत, झेंडा वर गेला. हंबीररावांचे डोळे भरून आले. त्यांच्याकडे बघितलं आणि ठरवलं, मोकळीक नाही, फ्रीडम नाही, म्हणायचा तर तोच शब्द! छातीत हवा भरली आणि म्हणालो, "आज आपय्याया... फ्वापंप्र्य मिळायं!"

लगेच पोरं. त्यांना सवय, मास्तरनं म्हटलं की मागून म्हणायचं. सगळी एका सुरात, "फ्वापंप्र्य!" मोठी माणसं, "फ्वापंप्र्य!" आणि मागचे उसवाले, "पंप! पंप!" टोप्या उडाल्या हो! म्हातारी बनुबाई गर्दीतून वाट काढत आली. "मास्तर, पयला आमच्या हिरीवर बसवा. मोट वढून बैलं मराया लागल्यात!"

मी हात हलवून ओरडलो, पंप नाही! पण 'न' कुठाय? तोंडातून निघालं, "पंप आही! पंप आही!"

"पंप हाय म्हनत्यात मास्तर!" सगळं पटांगण ओरडलं.

दिवाळीला कवळी बसली. उत्तम बसली, मी उगाच नावं ठेवणार नाही. घरी आलो, हंबीररावांना, बनुबाईला, सगळ्यांना ओट्यावर बोलावलं आणि शुद्ध, दंत्य, स्पष्ट सांगितलं, "स्वातंत्र्य! पंप नाही... स्वातंत्र्य!"

हंबीरराव हळूच म्हणाले, "दात न्हवतं तवा बरं होतासा, मास्तर. दात आलं आन् तुमी बदललासा."

बदललो? मी? रात्रंदिवस तेच डोक्यात... की खरंच माझं चुकलं?

आणि परवा कोंडीबा आला, मेंढरं घेऊन पुन्हा खाली चराईला निघालेला. पागोटं काढून पायाशी ठेवलं. "मास्तर, तुमच्या पंपाचं माणात कळलं. आमच्याकडं प्यायला पानी मिळंना. म्या गावाला सांगून आलोय, मास्तर आपल्या वळखीचं हायती. एक आमास्नी बी देशीला न्हवं?"

तुम्हाला सांगतो, आता माझ्या तोंडात दात होते. 'नाही' म्हणायला लागतो तेवढा 'न' होता, जीभ टेकायला जागा होती, मधे चिमटा नव्हता. तोंड उघडलं, त्या माणसाकडे बघितलं, आणि म्हणालो, "बघतो."

तेव्हा मंडळी, तुमच्यापैकी कुणाची पंपवाल्याशी ओळख असली तर सांगा... जुना चालेल.