लांब हाताची गोष्ट

आधी हात द्या इकडं. तुमचा मोबाईल ठेवा तिथं उंबऱ्यावर, बोललेलं समदं त्यात जाईल म्हनता न्हवं, जाऊ द्या, पन माज्यासमोर बाई बसली आन् तिचा हात मोकळा असला की मला बोलायला सुचत न्हाई, पन्नास वर्सांची खोड हाय. हिरव्या भरते. मूठ कामून आवळता बाई, मी काय सुई टोचून राहिले का. ढिला सोडा. हां, असा.

मी जैतूनबी. म्हायेर उदगीर, सासर हे मुखेड, जात मन्यार, आमच्या घरात बांगड्याबिगर दुसरं काम कोनी केलंच न्हाई. सासूला आमी अम्मा म्हनायचो. अम्मा डोक्यावर पेटी आन् खांद्यावर बांगड्यांच्या माळा घेऊन गावोगाव फिरायची आन् तिच्यामागं मी, नवी नवरी, पायाला फोड. येष्टी तवाबी व्हती, पन अम्मा म्हनायची येष्टीत बांगड्या वाढत्यात. वाढत्यात म्हंजे फुटत्यात, पन बांगडी फुटली म्हनायचं न्हाई, वाढली म्हनायचं, हे तर तुमाला ठाऊक असंल, का शहरात तेबी गेलं?

आता तुमी आलात भुताच्या गोष्टी ऐकायला. समदे त्यासाठीच येत्यात आजकाल. लोकास्नी वाटतं मन्यारीन करमनुकीला सांगती. कशाची करमनूक! ते आमचं हत्यार हाय. हे बघा, ह्या अंगठ्याच्या मुळाशी हाडाचा गोळा असतो, तुमचाबी हाय, बांगडी त्याच्यावरून गेली की मंग पुढं मोकळं रान. पन तितंच दुखतं, तितंच बाई मूठ आवळती आन् तितंच काच मोडून हातात घुसती. म्हनून गोष्ट. कान गोष्टीत गेला की हाताला धनी ऱ्हात न्हाई. पन त्यातबी अक्कल लागती. भीती येनार, येनार, असं वाटत असतं तवर मानूस लोन्यावानी मऊ असतो, आन् भीती आली की दगड. तवा बांगडी हाडावरून गेली पायजे भीतीच्या आधी. आधी बांगडी, मंग भूत. हे मला शिकायला सात वर्सं लागली, आन् हे आजकालचे मोबाईलमधले शाने, पयल्या शब्दाला किंकाळी! आरं, पयल्याच शब्दाला किंकाळी मारलीस तर पुढं काय, तुजा बाप येनार हाय का भ्या दाखवायला? ऐकनाऱ्याचा हात कसा ऱ्हातो हे ज्यानं कवा धरून बघितलं न्हाई, त्यानं गोष्ट सांगूच न्हाई.

गोष्ट किती जुनी म्हनता? अम्माला तिच्या सासूनं दिली, तिला तिच्या सासूनं, निजामाच्या आधीची असंल, त्याच्याबी आधीची असंल, बायका बांगड्या भरून राहिल्या तवापासनंची म्हना. ऐका. एक मन्यारीन भर दुपारी एका गावात गेली. गल्लीत चिटपाखरू न्हाई. एका दाराची फळी इतकुशी उघडली आन् भायेर एक हात आला, गोरापान, मोकळा. आतनं आवाज, हिरव्या भर. मन्यारनीनं बारा भरल्या. हात मागं जाईना. आजून भर. आजून बारा भरल्या, कोपरापतूर आल्या. आजून भर. हात आजून थोडा भायेर आला, मन्यारनीनं माळ सोडली, भरून राहिली, भरून राहिली, कोपर गेलं, वर आजून हात, आन् आजून हात, पेटी रिकामी झाली, माळा सरल्या, दुपार कलली, पन खांदा काई येईना. हात संपेना. काय सांगू तुमाला, ह्या जाग्यावर बायकांच्या तोंडातलं पान तसंच ऱ्हायाचं. तुमच्या दोन गेल्या बघा तेवढ्यात. कळलं का तुमाला?

ह्या गोष्टीला एक कायदा. गावाचं नाव घ्यायचं न्हाई. कोनी विचारलं कुठलं गाव, तर म्हनायचं दोन गावं सोडून पलीकडं. त्या गावात गेलं तरी तेच, दोन गावं सोडून पलीकडं. अम्मा म्हनायची, भ्या कवा कुनाच्या दारात नेऊन ठेवायचं न्हाई जैतून, तितं मानूस ऱ्हातं. मी पन्नास वर्सं पाळलं. आन् शेवटाला माती खाल्ली. म्हाताऱ्या मानसाला कौतुक लई वाईट.

मागच्या वर्सी लातूरकडचे दोन बाप्ये आले, तिशीतले, दाढ्या कोरलेल्या, अंगात काळे सदरे. म्हनले आमी भुताखेताचं दाखवतो मोबाईलवर, लाखो लोक बघत्यात. माज्या तोंडासमोर दिवा लावला, भर दुपारचा. मी सांगून राहिले तर एकजन मधीच म्हनतो, आज्जी, डोळे मोठे करा. म्हनलं माजे डोळे हायेत तेवढेच हायेत. दुसरा म्हनतो, जरा घोगरं बोला. मला घोगरं बोलायला सांगतो, मी ज्या गोष्टीवर आख्ख्या तालुक्याचे हात भरले ती गोष्ट! पन खोटं कामून बोलू, आत कुठंतरी गुदगुल्या व्हऊन राहिल्या व्हत्या. वा आज्जी, काय सांगता आज्जी. मंग म्हनले, गावाचं नाव सांगा, नावाबिगर लोकांचा इश्वास बसत न्हाई. मी म्हनलं दोन गावं सोडून पलीकडं. ते हसले. म्हनले, म्हंजे आज्जी, बनवलेलीच हाय व्हय. आन् माजं डोकं फिरलं. बनवलेली? माजी गोष्ट? आदल्या मंगळवारी ज्या गावात बसले व्हते त्याचं नाव तोंडातनं गेलं. कारन दुसरं काईबी न्हाई. तोंडात तेच व्हतं.

त्या गावात कमळ हाय. कमळ म्हंजे माजी लेकच म्हना, पंचेचाळिशीची असंल. नवऱ्यानं नांदवली न्हाई, भावानं म्हायेरात एक खोली दिली, त्या खोलीत तिनं पिठाची गिरनी टाकली. तिच्यावरच पोट. दाराला दोन फळ्या, खालची फळी लावलेली असती, शेळ्या आत शिरू न्हाईत म्हनून, आन् वरच्यातनं कमळ हात काढती, दळनाचा डबा आत घेती. हात कोपरापतूर पिठानं पांढराफट. आलं का ध्यानात? ते दोघं नाव घेऊन त्या गावात गेले, दार हुडकत फिरले, आन् त्यांना दार घावलं.

माज्या नातसुनेनं मला दाखवलं. माजा आवाज, आन् त्याच्यावर कमळचा हात. तिला इचारलं न्हाई, सांगितलं न्हाई, लपून काढलेला. दुपारी काढलेलं आन् मशिनीत अंधार केलेला, वरनं कुत्री रडवली. माजी गोष्ट ती न्हवतीच. बांगड्यांचं एक अक्षर त्यांनी ठेवलं न्हाई, नुसता हात आन् बोंबलनं, जसं काय खंडीभर तिखट टाकलं की भाजी झाली.

मी दुसऱ्याच दिवशी येष्टीनं गेले. गिरनी बंद. पट्टा निपचित पडलेला. कमळ म्हनली, मावशी, बारा दिस झाले, एक डबा आला न्हाई, बाया मैलभर लांब जाऊन दळून आनत्यात, लेकरं माज्या दारावरनं पळत जात्यात, परगावची पोरं गाड्या घेऊन येत्यात आन् हात दाखव म्हनत्यात. मंग थांबली आन् म्हनली, मावशी, त्यात तुमचा आवाज हाय. मी म्हनलं हाव, माजाच हाय. तिनं माज्यापुढं पान्याचा तांब्या ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आन् त्या बाया! मी त्यांना वळखते, एकेकीच्या हाताचं हाड मला पाठ हाय. वीस वर्सं ज्या हातानं यांचं पीठ दळलं तो हात यांना मोबाईलवर दिसला तर भुताचा! कमळनं पानी पाजलं, बाळंतपनं काढली, ते काई न्हाई, आन् लातूरच्या दोन दाढ्यांनी बोंब मारली ती खरी. दारापुढं हुबं ऱ्हाऊन बघितलं तरी यांचा डोळ्यावर इश्वास न्हाई, इतका टाकाऊ डोळा कामून ठेवला असंल मी म्हनते.

दाढीवाल्यांना फोन लावला. म्हनलं काढा ते. तर म्हनतो, आज्जी, लई चाललंय, खाली लिहितो की काल्पनिक हाय. आन् वर म्हनतो, तुमी परत कवा बसता, दुसरा भाग करू. मी फोनवर जे बोलले ते तुमी लिहू नका.

मंग नागपंचमीला चार दिस ऱ्हायले तवा पेटी घेऊन गेले. पंचमीला समद्याच बाया नव्या बांगड्या भरत्यात, दर वर्सी मी पारावर बसते. ह्या बारीला बसले कमळच्या दारात. बाया लांब लिंबाखाली हुब्या. मावशी, हिकडं या की पारावर. म्हनलं न्हाई, ज्यांना भरायच्यात त्यांनी हितं यावं. कोनी हाललं न्हाई. आतनं कमळ म्हनती, उठा मावशी, माज्यापायी तुमचा सन कामून बुडवता. मी म्हनलं, हात काढ भायेर.

तिनं वरच्या फळीतनं हात काढला, पिठाचा न्हाई, धुतलेला. मी भरायला लागले आन् मोठ्या आवाजात गोष्ट सुरू केली, तीच. बघा मानसाची जात कशी असती, कमळला भ्यानाऱ्या त्या समद्या, पन भ्यायला मिळतंय म्हनल्यावर पाय आपुआप पुढं. एक पाऊल, आजून एक. हात संपेना ह्या जाग्यापतूर आले तवा त्या दोन हातांवर हुब्या व्हत्या, तोंडं उघडी. आन् तितं मी थांबले.

म्हनलं आता खरी ऐका. मोठ्या घरच्या बाया तवा भायेर येत नव्हत्या, दाराच्या फटीतनं नुसता हात यायचा. ज्या पयल्या सासूपासनं ही गोष्ट निघाली तिनं एका घरातला एक हात सहा वर्सं भरला, तोंड कवा बघितलं न्हाई. एका वर्सी त्या हातावर डाग व्हते, भाजल्याचे, वळीनं. तिनं डागावरनं बांगड्या भरल्या, बोलली न्हाई. पुढल्या वर्सी हात आला न्हाई. बस, एवढीच गोष्ट. मरेपतूर ती म्हनायची, धरलाच व्हता हात, ओढायला पायजे व्हता, समदी बाई भायेर आली असती. म्हनून गोष्टीत हात लांबतच जातो, लांबतच जातो, आन् बाई काई भायेर येत न्हाई. भूत न्हाई, काई न्हाई. डागाला भ्यायचं सोडून तुमी हाताला भ्याल्या.

आन् तेवढ्यात कडी वाजली. कमळनं खालची फळी उघडली, मी सांगितलं नव्हतं बरं का, तिची ती भायेर आली, उन्हात, समदी, पायात तुटकी चप्पल, लुगड्यावर जुनं पीठ, हिरवा चुडा भरलेला हात वर केला आन् दुसऱ्या हातानं खांद्यावर थाड करून थाप मारली आन् म्हनली, बघा गं, हितं संपतो हात.

खांद्यावरचं पीठ उडालं. पुढं हुबी असलेली सरूबाई शिंकली. मंग एक हसली, मंग दुसरी, आन् मंग कमळच्या डोळ्याला धार लागली, माज्याबी लागली, खोटं कामून सांगू. सरूबाईनं पयला हात पुढं केला. दिस कलेपतूर भरून राहिले.

आता बाया शान्या झाल्या असं मनात आनू नका. शेवटची जी भरायला बसली ती मला कानात म्हनती, मावशी, ते डागाचं असू द्या, पन त्या लांब हाताचं पुढं काय झालं? हे असलं गिऱ्हाईक! खरं सांगितलं तर ऐकून घ्यायचं, आन् गोड मातर खोटंच लागायचं. पन डबे यायला लागले. गिरनी चालून राहिली. कमळनं खालची फळी काढून जाळली, आता शेळ्या आत घुसत्यात, ती शिव्या देती, देऊ द्या.

माजी गोष्ट तेवढी गेली. मन्यारनीनंच मोडली म्हनल्यावर सांगनार कुनाला, बातमी गावोगाव गेली. दुसऱ्या हायेत माज्याकडं चार-दोन, पन त्यांच्यात हात इतका ढिला पडत न्हाई, काच जास्त वाढती. होऊ द्या. चार सासवांनी दिलेली मी एका दुपारी खर्च केली, अम्मा वर भेटली तर बोलंल, आन् बोलनार न्हाईबी.

काय म्हनता? कुठलं गाव? घ्या! इतकं ऐकलं आन् शेवटाला तुमीबी त्या दाढीवाल्यांच्याच वळनावर. आवळू नका मूठ, शेवटची भरून राहिले. लिहून घ्या, दोन गावं सोडून पलीकडं. आन् आता बघा हाताकडं, बारा भरल्या, एकबी वाढली न्हाई. जा बाई, भरल्या हातानं जा, खुदा तुमाला सुखी ठेवो.