परवेझभाईंच्या गेमची चोरी

जामखेडच्या कोर्टाबाहेर साळूबाई आपल्या वकिलाची वाट बघत बाकावर टेकली होती. शेजारी मोबाईलचे दुकानवाले परवेझभाई तावातावानं बोलत होते आणि गहिनीनाथ टेलर त्यांना गार करायच्या खटपटीत होता. साळूबाईचा कान आपसूक तिकडं वळला.

“चोरी हाय ही, गहिनीनाथ, सरळ चोरी! टीव्हीला जोडायच्या जुन्या गेमच्या मशिनी आता मिळत न्हाईत. म्हणून मी पेनड्राइव्हमधी असं सॉफ्टवेअर भरलं, की कंप्युटरच त्या मशिनीचं सोंग घेतो. वर चांगले चांगले गेम निवडून टाकले. अन् त्या समोरच्या दुकानातल्या आसिफनं जशीच्या तशी कॉपी मारून विकायला काढली!”

“पेनड्राइव्ह काय चोरून नेला का त्यानं?”

“विकत नेला. माझ्याच दुकानातून.”

“मग त्याचाच झाला की.”

“खेळायला विकला हुता, कॉप्या काढायला न्हाई!”

“पण परवेझभाई, गेम तरी तुमी कुठं बनवले? ते कंपनीचे. गेम कॉपी करून विकता म्हणून तिची नोटीस आल्ती, तवा तुमीच तिला कळवलं हुतं, एकदा विकत घेतला की माल आपला, त्याचं काय बी करू.”

“कंपनीचं येगळं. तिला छप्पन धंदे हायेत. आसिफनं माझ्या पोटावर पाय दिलाय!”

“बरं, मग त्याला नोटिशीत काय लिहून धाडणार?”

“लिहायचं कशाला? कंपनीची नोटीस संगं आणलीय. तीच उतरवून काढू. कंपनीच्या जागी माझं नाव, माझ्या जागी आसिफचं.”

“अन् ज्या वकिलानं ती लिहिली, त्याला कळलं तर?”

“कळू दे की! एकदा मला धाडली म्हंजे माझीच झाली ना ती?”